लांबलचक ‘चुकारा_काढा’ मेथडचे तुकडे कसे पाडावेत

कापूस खरेदी केंद्राच्या बिलाच्या प्रोग्राममध्ये अशी एक मेथड (कोडचा नाव दिलेला तुकडा) बरेचदा सापडते: चुकारा_काढा, म्हणजे शेतकऱ्याला द्यायची रक्कम काढणारी, दोन-अडीचशे ओळींची. भरलेल्या बंडीचं वजन, रिकाम्या बंडीचं वजन, ओलाव्याची कपात, हमाली, तोलाई, पट्टीची छपाई, सगळं तिच्यातच. हमालीचा दर बदलायला जावं आणि ओलाव्याच्या हिशेबाला धक्का लागावा. तो धक्का शेवटी शेतकऱ्याच्या पैशाला बसतो.

हात लावण्याआधी जुना कोड आज काय उत्तर देतो ते टेस्टमध्ये, म्हणजे उत्तर आपोआप तपासणाऱ्या कोडमध्ये, पकडून ठेवा. ओलावा ८, ९.५, १२ आणि १२.१ टक्के (८ च्या वर कपात, १२ च्या वर माल नाकारतात), शिवाय निव्वळ वजन शून्य, एवढ्या नोंदी तरी हव्यातच. उत्तर चुकीचं वाटलं तरी तेच लिहा. दुरुस्ती नंतर, वेगळ्या कमिटमध्ये (बदलाच्या वेगळ्या नोंदीत). दोन्ही एकदम केलं तर आकडा कशामुळे हलला ते कळत नाही.

मग एकच तुकडा निवडा. ‘इथून ओलावा कपात’ अशी कमेंट दिसली की तुकडाही मिळाला आणि नावही. तो तुकडा बाहेरची कोणती व्हेरिएबल वाचतो ते बघा, ती नव्या मेथडची पॅरामीटर, म्हणजे तिला बाहेरून दिलेल्या किमती, होतात. तो जे बदलतो आणि पुढे लागतं, ते रिटर्न करा, म्हणजे उत्तर म्हणून परत द्या. रिटर्न करायची व्हेरिएबल दोन-तीन निघाली तर बहुधा दोन कामं गुंतलेली असतात. आधी ओळी वरखाली करून ती सुटी करा. इंटेलिजे किंवा पायचार्म या कोड लिहायच्या प्रोग्राममध्ये ओळी निवडून कंट्रोल+ऑल्ट+एम दाबलं की ही काढणी आपोआप होते. प्रत्येक तुकड्यानंतर टेस्ट चालवा, कमिट करा. वीज कधी जाईल याचा नेम नसतो, तिथे तर हे पाळाच.

दोन जागी हमखास घसरायला होतं. पहिली, मधलं रिटर्न. १२ टक्क्यांवर ओलावा असेल तर माल नाकारून बाहेर पडणारी ओळ छोट्या मेथडमध्ये गेली की ती फक्त छोट्या मेथडमधून बाहेर पडते. मुख्य मेथड पुढे चालते आणि नाकारलेल्या मालाचा चुकारा छापते. म्हणून माल_घेण्याजोगा_आहे ही छोटी मेथड हो-नाही एवढंच सांगेल, बाहेर पडणं मुख्य मेथडकडेच ठेवा.

दुसरी, पूर्णांक करण्याची जागा. २०२४-२५ चा मध्यम धाग्याचा हमीभाव ७,१२१ रुपये क्विंटल. ओलावा ९.५, म्हणजे ८ च्या वर दीड टक्का कपात, भाव ७,०१४.१८५. वजन १३.५७ क्विंटल. शेवटी पूर्णांक केला तर ९५,१८२ रुपये. कपात_केलेला_भाव या नव्या मेथडमध्येच पूर्णांक केला तर ९५,१८०. दोन रुपये शेतकऱ्याचे गेले.

नावं केंद्रावरच्या बोलीतली द्या: निव्वळ_वजन, हमाली_वजा_करा, काटापट्टी_छापा. काट्यावरचा माणूस ती वाचून ‘हमाली आधी नाही, नंतर कापतात’ असं सांगू शकतो. प्रोसेस, चेक, हिशेब२ यांतून काहीच कळत नाही. नावात ‘आणि’ घालावंसं वाटलं तर अजून एक तुकडा बाकी आहे. निव्वळ_वजन गुपचूप डेटाबेसमध्येही नोंद करत असेल, तर ते नाव खोटं आहे. नोंद वेगळी काढा.

पॅरामीटर पाच-सहा झाले की भरलेलं वजन, रिकामं वजन, ओलावा आणि भाव यांचा वजननोंद नावाचा एकच ऑब्जेक्ट (एकत्र बांधलेली माहिती) करा आणि तोच पुढे पाठवा.