व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट फिकट राहिलं, वास नुसता व्होडकाचा

व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे शेंगा दारूत मुरवून काढलेला अर्क, ठाण्यात घरी करण्याचा प्रयोग. 180 मिली साध्या व्होडकात (42.8 टक्के अल्कोहोल) व्हॅनिलाच्या दोन शेंगा उभ्या चिरून टाकल्या. तीन महिने झाले तरी रंग पातळ कोऱ्या चहासारखा, आणि झाकण उघडलं की नाकात फक्त दारू. आधी बाटली खिडकीत उन्हात ठेवली, मग रोज हलवली, एकदा चमचाभर साखरही घातली. काही उपयोग नाही. सासूबाईंनी तर बाटली देवघरासमोरच्या कपाटातून हलवायला लावली, ते वेगळंच.

घोळ वजनात होता. शेंगा मोजायच्या नसतात, तोलायच्या असतात: लिटरला साधारण 100 ग्रॅम, म्हणजे 180 मिलीला 18. माझ्या दोन शेंगा जेमतेम 6 ग्रॅम भरल्या!

मग असं केलं. आणखी 12 ग्रॅम शेंगा (चार बसल्या) काट्यावर तोलल्या, उभ्या चिरल्या, कात्रीने बोटाच्या पेराएवढे तुकडे केले. आधीच्या दोन्ही बाहेर काढून तशाच कापल्या. सगळं त्याच व्होडकात परत घातलं. एकही तुकडा वर उघडा राहू द्यायचा नाही, बुरशी धरते. बाटली अंधाऱ्या कपाटात, फ्रिजमध्ये नाही. आठवड्यातून एकदा हलवायची.

दोन महिन्यांत रंग गडद तपकिरी झाला. वापरायला काढलं मात्र सहाव्या महिन्यात, कॉफीच्या फिल्टर पेपरमधून गाळून. बाजारातल्या कृत्रिम इसेन्ससारखा भपकारा येत नाही. कस्टर्डमध्ये गॅस बंद केल्यावर एक चमचा घातला, तेव्हा कुठे फरक कळला.