घरी चार्जिंगची सोय नसताना इलेक्ट्रिक गाडी कशी वापरावी

धुळ्यातल्या नंबरांच्या गल्ल्या असोत की जुन्या जळगावातले वाडे, घर स्वतःचं असूनही गाडी दारात उभी राहत नाही, अशी घरं भरपूर. फ्लॅटला पार्किंग असतं, पण तिथे सॉकेट नसतो आणि सोसायटीचा निर्णय कायम पुढच्या मीटिंगवर. शोरूमवाला म्हणतो, ‘आता फास्ट चार्जर झालेत, काळजी नको.’ रोजच्या वापरासाठी हा सल्ला मानू नका. फास्ट चार्जर बाहेरगावी जाताना कामाचा. एरवी तुम्हाला हवा पंधरा अँपिअरचा एक साधा सॉकेट, तोही गाडी तशीही तासन्‌तास उभी असते तिथे.

१. आधी युनिटांचा हिशोब

छोटी इलेक्ट्रिक गाडी गावातल्या गावात एका युनिटला साधारण सात-आठ किलोमीटर जाते. रोज तीस किलोमीटर धरले तर चार युनिटं, आठवड्याला अठ्ठावीस. पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर तासाला तीनेक युनिटं भरतात. म्हणजे आठवड्यातून एक-दोन रात्री, किंवा ऑफिसातले दोन दिवस. नळाला पाणी येईल त्या दिवशी भरून ठेवायची सवय आपल्याकडे घरोघरी आहेच, इथेही तेच करायचं. वीस टक्के उरले की धावपळ, असं ठेवू नका. मिळेल तिथे भरा.

२. सॉकेट मिळवा आणि पैसे चोख द्या

दुकान, गोडाऊन, ऑफिस, भावाचं घर, सासुरवाडी. बहुतेकांना अशी एखादी जागा असतेच. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे घरच्या किंवा ऑफिसच्या आहे त्याच वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येते, हे साहेबांना किंवा सोसायटीच्या सेक्रेटरींना दाखवायला बरं पडतं.

खरी अडचण पैशांची. नातेवाईक ‘राहू द्या हो’ म्हणतात आणि तिसऱ्या महिन्यात बिल बघून गप्प होतात. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. तुमची महिन्याची शंभर-सव्वाशे युनिटं त्यांच्या वापरावर चढतात, म्हणजे वरच्या, महाग टप्प्यात जातात. म्हणून बिलाची सरासरी काढून पैसे देऊ नका, वरच्या टप्प्याच्या दराने द्या. सॉकेटच्या आधी एक सबमीटर बसवला की बोलायचा प्रश्नच राहत नाही.

मामांच्या शेतात विहिरीवर लाइट आहे, तिथेच लावू, हा विचार मात्र सोडा. शेतीपंपाची वीज सवलतीची असते. ती दुसऱ्या कामाला वापरणं म्हणजे वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर, आणि दंड तुम्हाला नाही, मामांना.

३. वायरमनला एकदा बोलवाच

जुन्या वाड्यात गाडी लावली आणि चार्जरवर लाल दिवा लागला, तर बहुतेक वेळा दोष गाडीचा नसतो. अर्थिंग नसतं. फ्रिज, मिक्सर अर्थिंगशिवायही चालतात, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाला पत्ता नसतो. गाडीचा चार्जर मात्र अर्थिंग तपासतो आणि सरळ नकार देतो. उन्हाळ्यात जमीन खोलवर वाळली की चांगलं अर्थिंगसुद्धा कमजोर होतं. अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी टाकत राहा.

सॉकेटसाठी मीटरपासून वेगळी लाइन, किमान चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि स्वतंत्र एमसीबी, म्हणजे जास्त लोड आला की आपोआप पडणारा स्विच. गणपतीच्या आरासाला वापरतो तसला एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. तो तासभर टिकतो, रात्रभर नाही. पहिल्यांदा लावल्यावर अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. चटका बसला तर चार्जिंग बंद.

४. फास्ट चार्जर वापरताना

प्रत्येक कंपनीचं ॲप वेगळं, वॉलेट वेगळं. नेहमीच्या रस्त्यावरच्या दोन-तीन कंपन्यांचीच ॲप ठेवा, आणि वॉलेटमध्ये लागतील तेवढेच पैसे टाका. शिल्लक अडकून पडते. सरकारच्या ‘ईव्ही यात्रा’ पोर्टलवर ठिकाणं दिसतात, पण चार्जर चालू आहे का हे निघण्याआधी फोन करून विचारलेलं बरं. दर घरच्यापेक्षा बराच जास्त, वर १८ टक्के जीएसटी.

मे महिन्यात भुसावळला पारा पंचेचाळीसच्या पुढे असताना दुपारी हायवेवरून येऊन थेट चार्जर लावला, तर तापलेली बॅटरी वेग कमी करते आणि चाळीस मिनिटांचं काम तासावर जातं. त्या दिवसांत सकाळी आठच्या आत उरका. ऐंशी टक्क्यांनंतर वेग तसाही पडतो, तेव्हा शेवभाजी संपली नसली तरी उठून गाडी बाजूला घ्या. मागे कुणीतरी पाच टक्क्यांवर उभा असतो.

५. घाट असला तर

जळगाव-धुळे नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर, सपाट रस्ता, चिंता नाही. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना टक्के भराभर उतरतात, उतरताना थोडे परत मिळतात. तोरणमाळला जायचं तर शहादा सोडताना येण्याजाण्याचं पूर्ण भरून घ्या. वर चार्जर मिळेल असं गृहीत धरू नका, आणि हॉटेलच्या खोलीतल्या सॉकेटवर तर मुळीच विसंबू नका.