शुगर कुकीजची सजावट : आधी आयसिंग साधावे, मग नक्षी

शुगर कुकीज सजवायला शिकणारे बहुतेक जण आधी नक्षी निवडतात आणि मग आयसिंगकडे वळतात. हा क्रम उलटा असावा, असे मला ठामपणे वाटते; कारण रेघ एकसारखी येणे, रंग काठाच्या आत राहणे आणि पृष्ठभाग गुळगुळीत वाळणे, हे सारे हाताच्या सफाईइतकेच आयसिंगमधल्या पाण्यावर अवलंबून असते.

घरी शिकण्यासाठी वाळून कडक होणारे रॉयल आयसिंग सोयीचे. ४५० ग्रॅम आयसिंग शुगर बारीक चाळणीने चाळावी, कारण एखादी गुठळीसुद्धा नोझल, म्हणजे आयसिंग भरायच्या बॅगच्या टोकाची बारीक नळी, बंद करते. तीत ३ मोठे चमचे मेरिंग पावडर (मुख्यतः अंड्याच्या वाळवलेल्या पांढऱ्या भागाची पूड) मिसळून ५ ते ६ मोठे चमचे पाणी थोडे थोडे घालत मंद वेगावर फेटावे. मेरिंग पावडरऐवजी अंड्यातील पांढरा भाग वापरायचा असेल, तर तो पाश्चराइज्ड, म्हणजे बेताची उष्णता देऊन जंतू मारलेला असावा. भांड्याला तेलातुपाचा अंशही नको, नाहीतर मिश्रण फुलत नाही. ते पांढरेशुभ्र होऊन त्याचे टोक उभे राहू लागले की थांबावे. जास्त फेटल्यास हवा भरून वाळलेले आयसिंग ठिसूळ होते.

एवढे घट्ट आयसिंग कुकीवर पसरत नाही. त्यातले थोडे तसेच बाजूला ठेवून उरलेल्याचे दोन भाग करावेत. काठाच्या रेघेसाठीच्या भागात अगदी थोडे पाणी घालावे, इतके की चमचा उचलल्यावर टोक उभे न राहता किंचित वाकेल. आतल्या भरावासाठीच्या भागात पाणी थेंबाथेंबाने घालावे आणि दर वेळी मिश्रणात सुरीने रेघ ओढून मनात सेकंद मोजावेत. साधारण १५ सेकंदांत रेघ मिटली, तर भराव योग्य झाला. ५ सेकंदांतच मिटली, तर तो काठ ओलांडून वाहील. ३० सेकंदांनंतरही दिसत राहिली, तर सपाट बसणार नाही. फार पातळ झालेल्या भरावात बाजूला ठेवलेले घट्ट आयसिंग मिसळावे. ही परीक्षा रंग घातल्यावर पुन्हा करावी. रंग जेलचे घ्यावेत, कारण द्रवरूप रंगांनी आयसिंग पातळ होते. आणि रंग ठेवल्यावर गडद होत जातात, म्हणून हवी त्यापेक्षा फिकी छटा करावी. न वापरलेल्या आयसिंगवर ओले फडके झाकावे, कारण त्यावर लगेच पापुद्रा धरतो.

कुकीज पूर्ण थंड झालेल्या असाव्यात. २ क्रमांकाचे गोल नोझल लावून पहिल्या रेघा बटर पेपरवरच काढाव्यात. नोझल कुकीवर घासत न्यायचे नसते: सुरुवातीला टेकवून, बॅगवर हलका दाब देत ते सेंटीमीटरभर वर उचलावे, सुटणारा धागा हव्या त्या रेषेवर पडू द्यावा, आणि शेवट जवळ आला की दाब थांबवून टोक पुन्हा टेकवावे. धागा तुटत असेल तर दाब कमी पडतो आहे किंवा हात घाई करतो आहे.

काठ आखून झाल्यावर भराव कडेकडून मध्याकडे घालावा, टूथपिकने कोपऱ्यांपर्यंत सरकवावा आणि दिसतील ते बुडबुडे फोडावेत. भराव ओला असतानाच दुसऱ्या रंगाचे ठिपके देऊन त्यांतून टूथपिक ओढली, की प्रत्येक ठिपक्याचा बदाम, म्हणजे हृदयाचा आकार होतो. नवशिक्यांसाठी याहून समाधान देणारी नक्षी मला ठाऊक नाही. उठावदार नक्षी मात्र खालचा थर वाळल्यावरच काढावी.

वाळायला ८ ते १२ तास लागतात, दमट हवेत त्याहून जास्त. पंख्याच्या मंद वाऱ्याखाली ठेवल्यास चकाकी टिकते आणि लहान भराव खचत नाहीत. फ्रिजमध्ये ठेवू नयेत, कारण ओलाव्याने रंग एकमेकांत उतरतात. पूर्ण वाळलेल्या कुकीज थरांमध्ये बटर पेपर घालून हवाबंद डब्यात भराव्यात.