भाड्याच्या घरातली ओल आणि कुबट वास, आम्ही काय केलं

रंकाळ्याच्या बाजूला तळमजल्यावर भाड्यानं राहतो, आणि कोल्हापूरचा जुलै म्हणजे आठ आठ दिवस ऊन नाही, कपाट उघडलं की असला कुबट वास यायचा की बाळाचे धुतलेले कपडे परत धुवायला लागायचे. कापूर ठेवून बघितला, नुसता वासावर वास. (डांबरगोळ्या मात्र लहान बाळ असेल तर ठेवूच नका, नॅफ्थॅलीन बाळाला लई घातक.)

मग भिंतीवर फूटभर अ‍ॅल्युमिनियम फॉइल चारी बाजूनं टेप लावून दोन दिवस ठेवला. खोलीकडच्या बाजूला थेंब आले तर ती हवेतली वाफ, मागं ओल आली तर पाणी भिंतीतनंच येतंय. आमचा मागनं ओला! घरमालक काकांना बोलवून तेच दाखवलं, म्हटलं काका हे बघा, मग बाहेर जाऊन बघितलं तर गच्चीवरनं येणारा पाइप जॉइंटला फुटलेला, पाणी सरळ भिंतीवर. पाइप त्यांनी लगेच बदलला पण भिंत वाळायला दिवाळी उजाडली, तोवर रंग लावू दिला नाही मी, ओल्या भिंतीवर लावला की पोपडे येणारच.

बाकी कपाट भिंतीपासनं चार बोटं पुढं ओढलं, बुरशी मास्क लावून साबणाच्या पाण्यानं पुसली, कोरडी घासली तर ती हवेत उडते. कपडे आता व्हरांड्यातच वाळत घालतो, आत घातले की सगळं पाणी खोलीतच राहतं. यंदा कपाटाला वास नाही.