गावातला 5 टक्के दिव्यांग निधी कसा मागावा आणि कशावर खर्च करून घ्यावा

दिवाळीच्या तोंडावर आमच्या ग्रामपंचायतीत दरवर्षी एक कार्यक्रम व्हायचा. गावातल्या 34 दिव्यांगांना खुर्च्यांवर ओळीनं बसवायचं, सरपंचांनी एकेकाच्या हातात पाकीट द्यायचं, फोटो काढायचा. पाकिटात सतराशेच्या आसपास रुपये. त्या फोटोंत मीही आहे, डाव्या काखेत कुबडी, उजव्या हातात पाकीट. कार्यक्रम अंगणात व्हायचा, कारण कार्यालयाच्या तीन पायऱ्या आमच्यातल्या निम्म्यांना चढता येत नाहीत. पाकिटातला पैसा त्या पायऱ्यांसाठीही मागता येतो, हे कळायला मला चार दिवाळ्या लागल्या. तुमची वर्षं वाचावीत म्हणून हे लिहितोय.

आधी पैसा समजून घ्या

राज्य शासनाच्या आदेशानुसार ग्रामपंचायतीनं आपल्या स्वउत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. पूर्वी हे प्रमाण 3 टक्के होतं. स्वउत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, आठवडी बाजाराची वसुली, गाळ्यांचं भाडं. वर्षाला 12 लाख जमा होत असतील तर तुमचे 60 हजार. वसुली थकली की तुमचा वाटाही आटतो, म्हणून मागायला जाण्याआधी आपापली घरपट्टी भरून टाका. नाहीतर पहिला टोमणा तोच येतो.

यादी स्वतः करा

ग्रामपंचायतीकडे यादी असते, पण ती बहुधा जुनी असते आणि तिच्यात डोळ्यांना दिसणारंच अपंगत्व असतं. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला आणि पूर्वीचे 7 प्रकार 21 झाले. सिकलसेल, थॅलेसेमिया, स्वमग्नता, पार्किन्सन, ॲसिड हल्ल्यात भाजलेले लोक हे सगळे आता यात येतात. ज्यांच्याकडे अपंगत्वाचं प्रमाणपत्र नाही त्यांचा यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, ऑनलाइन अर्ज आधी भरा. बहुतेक लाभांना किमान 40 टक्के अपंगत्वाची अट असते.

घरोघर जाताना एकटं जाऊ नका, सोबत एखादी बाई हवीच. आमच्याकडे एका घरी दारातच उत्तर मिळालं, "आमच्यात नाही बाबा तसं कुणी." आतल्या खोलीचा पडदा हलत होता. सोबतच्या आशाताई काही न बोलता चहाला बसल्या, आम्ही बाहेर थांबलो. अर्ध्या तासानं एकोणीस वर्षांच्या मुलीचं आधारकार्ड बाहेर आलं. तिचं नाव आजवर कुठल्याच यादीत नव्हतं. आमची यादी 34 वरून 47 वर गेली.

हिशेब मागा, पण आधी तोंडी

ग्रामसेवकाच्या पदाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, गावात मात्र ते भाऊसाहेबच. त्यांच्याकडे चहाच्या वेळी जा आणि तीन आकडे विचारा: गेल्या तीन वर्षांचं स्वउत्पन्न किती, 5 टक्क्यांत बाजूला किती ठेवले, खर्च किती झाले. नमुना 1 म्हणजे अंदाजपत्रक आणि नमुना 5 म्हणजे रोकड वही, ही नावं सहज बोलण्यात येऊ द्या. समोरचा सावरून बसतो.

दोन खेपांत आकडे मिळाले नाहीत तर माहितीचा अधिकार. जोडपत्र अ म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, त्यावर 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, विषय एकच आणि मजकूर 150 शब्दांच्या आत, हे नीट पाळा. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी माफ आहे, पण दाखल्याची प्रत जोडावी लागते. उत्तराला 30 दिवस. नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. पहिल्याच दिवशी हा अर्ज टाकणारेही असतात. मला ते पटत नाही. वर्षभर ज्याच्या दारात जायचं आहे त्याला पहिल्याच भेटीत नोटीस कशाला?

आपसातलं भांडण आधी मिटवा

खरी अडचण इथं येते, आणि बाहेरच्यांना ती दिसत नाही. निधी वैयक्तिक लाभावरही खर्च करता येतो आणि सामूहिक कामावरही. सभेत एकानं रॅम्प मागितला आणि दुसरा "आम्हाला रोखच द्या" म्हणाला, की सरपंच हसून पुढचा विषय घेतात. आमच्या पहिल्या बैठकीत एका आजोबांनी सुनावलं, "तुझा रॅम्प माझ्या गोळ्या आणतो का रे?" त्यांचं चूक नव्हतं.

आम्ही मग वाटणी ठरवली. ज्यांच्या घरात कमावतं कुणी नाही अशा अकरा जणांना रोख, बाकी पैशातून एका वर्षी एकच काम. सगळ्यांना सारखं वाटणं ग्रामपंचायतीला सोपं जातं, कारण त्यात कुणाची गरज मोठी हे ठरवावं लागत नाही. ते ठरवायचं काम तुम्ही करा, लिहून सह्या-अंगठे घ्या, आणि सभेत एकच माणूस बोलेल हेही तिथंच ठरवा. बोलणारा अपंगच असावा. नातेवाईक बोलला की विषय मदतीवर घसरतो.

ग्रामसभा

वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात, बहुतेक गावांत 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या आसपास. नोटीस सात दिवस आधी निघते, म्हणून अर्ज पंधरा दिवस आधी द्या आणि तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख व सही घ्या. अर्जात मागणी मोघम नको. 'दिव्यांगांसाठी सुविधा कराव्यात' या वाक्यातून काहीही निघत नाही. 'ग्रामपंचायत कार्यालयाला 1:12 उताराचा रॅम्प, दोन्ही बाजूंना कठडा, या वर्षीच्या 5 टक्के निधीतून' असं लिहा. अंदाजपत्रकाची तयारी हिवाळ्यात सुरू होते, तेव्हा 2 ऑक्टोबरची सभा चुकवू नका.

सभा कुठं भरणार हे त्याच अर्जात विचारा. सोसायटीच्या माडीवर असेल तर तळमजल्यावर घ्या म्हणून लेखी मागा. ऐकू न येणाऱ्यांसाठी शेजारी बसून वहीत लिहून दाखवणारा एक पोरगा ठेवा. आमच्याकडे बारावीतला मुलगा हे करतो आणि भाषण कंटाळवाणं झालं की तसंही लिहितो.

गणपूर्तीला 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यातली कमी असेल ती संख्या लागते. ती नसली की सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्तीची गरज नसते, आणि नको ते विषय तिथंच गुपचूप उरकले जातात. त्या दिवशी जायचंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सभा संपताना हजेरीच्या वहीवर सह्या होतात, इतिवृत्त मागाहून लिहिलं जातं. तुमचा ठराव तिथल्या तिथं वाचून दाखवायला सांगा, सूचक आणि अनुमोदकाची नावं टाकून घ्या, आणि आठवड्यात ठरावाची नक्कल मागा. आमचा पहिला ठराव टाळ्यांच्या गजरात झाला. नकलेत तो 'चर्चा करण्यात आली' एवढाच होता.

पुढचं दार

दोन महिने काही हललं नाही तर पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांना लेखी, मग जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना आणि समाजकल्याण विभागाला. त्याही पुढं पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्त. कायद्यानं राज्य आयुक्तांना चौकशीसाठी दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, आणि त्यांची शिफारस मानायची नसेल तर त्या कार्यालयाला तीन महिन्यांत कारण कळवावं लागतं. प्रत्येक पत्राला मागचं पत्र जोडत जा. फाइल जाड झाली की खालचे लोकच फोन करतात.

काम होताना टेप घेऊन उभे राहा

1:12 म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. सहा इंचाच्या तीन पायऱ्या असतील तर अठरा फूट. आमच्या ठेकेदारानं पाच फुटांत उरकलं आणि वर गुळगुळीत फरशी बसवली. त्यावरून मोटरसायकल झकास चढायची. व्हीलचेअरवरचा आमचा मित्र मात्र मध्यावरून उलटा घसरला, मागं दोघं उभे होते म्हणून निभावलं. आम्ही तिथंच टेप धरून फोटो काढला आणि बिल थांबवायचा अर्ज त्याच दुपारी दिला. बिल निघायच्या आधी अर्ज गेला तरच उपयोग होतो.

रॅम्प फोडून पुन्हा बांधला, भिंतीला वळसा घालून साडेसतरा फूट. कठडा अजून एकाच बाजूला आहे. दुसऱ्या बाजूचा अर्ज येत्या 26 जानेवारीच्या सभेसाठी दिलाय, प्रतीवर शिक्का घेऊन.