स्पेनला शिकायला चाललात? या चुका टाळा, नाहीतर पहिले दोन महिने रांगेतच जातील

स्पेनमध्ये आल्यावर आपली पोरं सगळ्यात जास्त कुठे अडकतात, तर भाषेत नाही, कागदांच्या क्रमात. एक कागद दुसऱ्यावर अडलेला, दुसरा तिसऱ्यावर, आणि सगळ्याची सुरुवात घरापासून, म्हणून आधी घराचंच बोलू.

भारतात बसून फोटो बघून डिपॉझिट पाठवू नका. मी सध्या परदेशात आहे, पैसे टाका, चावी कुरिअरने येईल, असं मालक म्हणाला की तिथेच फोन ठेवायचा. पहिले दहा-पंधरा दिवस होस्टेलवर काढा आणि खोली स्वतः जाऊन बघा. आणि बघायला गेलात की भाड्याच्याही आधी विचारायचा प्रश्न म्हणजे "एम्पाद्रोनामिएंतो होईल ना?" हा शब्द पाठच करा, म्हणजे तुमचा पत्ता तिथल्या नगरपालिकेत नोंदवणं, पुढचे बरेच कागद यावरच अडतात. मी चाळीस युरो वाचतायत म्हणून करार नसलेली खोली घेतली, मालकीणबाई नोंदणीचं नाव काढलं की विषय बदलायच्या, आणि दीड महिन्यात परत बॅगा भरल्या. करार तुमच्या नावावर असेल तर नोंदणीला मालकाची वेगळी परवानगी लागत नाही, पण करारच नसेल तर त्यांच्या सहीसाठी मागे लागावं लागतं.

आता कार्ड. 'निए' आणि 'तिए' यात सगळेच गोंधळतात. निए हा परदेशी माणसाचा नुसता ओळख नंबर, एक्स, वाय किंवा झेडने सुरू होणारा, बहुतेकदा व्हिसावरच छापलेला असतो. तिए म्हणजे परदेशी माणसाचं ओळखपत्र, हातात येणारं प्लॅस्टिकचं कार्ड. नंबर आहे म्हणजे काम झालं असं समजून लोक निवांत बसतात, आणि सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असेल तर स्पेनमध्ये आल्यापासून एका महिन्यात कार्डासाठी अर्ज करायचा असतो! त्यासाठी 'सिता प्रेविया' म्हणजे अपॉइंटमेंट लागते आणि मोठ्या शहरात ती मिळणं म्हणजे दिवाळीत कोकण रेल्वेचं कन्फर्म तिकीट. साइटवर जागा नाही असं आलं तर तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट काढून ठेवा, सकाळी लवकर परत बघा, आणि पैसे घेऊन अपॉइंटमेंट विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. पॅरिस किंवा फ्रँकफर्टमार्गे आलात तर युरोपात शिरल्याची नोंद तिकडचीच असते, स्पेनमध्ये नक्की कधी उतरलात हे दाखवायला बोर्डिंग पास उपयोगी पडतो, तो विमानातल्या सीटच्या खिशात सोडून येऊ नका (मी सोडला होता).

अपॉइंटमेंटच्या दिवशी पासपोर्ट, कार्डाच्या अर्जाचा ईएक्स-१७ (EX-17) फॉर्म, फोटो आणि ७९०-०१२ नंबरच्या चलनाची भरलेली पावती लागते. फी आधीच बँकेत भरायची, आणि कॅश घेणारा काउंटर बऱ्याच शाखांत सकाळीच थोडा वेळ चालू असतो, त्यामुळे हे काम आदल्या दिवशी उरका. बोटांचे ठसे घेतल्यावर एक पावती देतात, कार्ड घ्यायला तीच लागते, हरवू नका.

आणि खास आपली मराठी अडचण म्हणजे नाव. स्पॅनिश माणसाला दोन आडनावं असतात, आधी सहसा वडिलांचं, मग आईचं. आपण लिहितो स्वतःचं, वडिलांचं, मग आडनाव. काउंटरवरची व्यक्ती शेवटचे दोन शब्द आडनावं धरते आणि वडिलांचं नाव होतं तुमचं पहिलं आडनाव. माझ्या नावाने रांगेत "सेन्योरा सुरेश" अशी हाक आली, मी बसूनच राहिले, नंबर गेला. हसण्यापुरतं ठीक आहे, पण बँकेत एक नाव, युनिव्हर्सिटीत दुसरं आणि कार्डावर तिसरं झालं की पुढे प्रत्येक अर्ज अडकतो. उपाय एकच, पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात जे आहे तेच पहिलं आडनाव, दुसरा रकाना रिकामा, आणि पावती हातात आली की खुर्ची सोडायच्या आधी स्पेलिंग वाचा, चूक तिथल्या तिथे दुरुस्त करणं सगळ्यात सोपं.

डिग्रीचे कागद आणताना अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, भारतातूनच करून आणा, इथे आल्यावर आई-बाबांना धावपळ करायला लावण्यात अर्थ नाही. भाषांतर मात्र 'त्रादुक्तोर हुरादो' म्हणजे स्पेनची मान्यता असलेल्या भाषांतरकाराकडूनच, पुण्यातल्या क्लासच्या सरांनी करून दिलेलं ऑफिसात चालत नाही.

बोलण्यात एक फुकटची सोय आपल्याला आहे आणि आपणच ती वाया घालवतो. स्पॅनिशमधले त आणि द आपल्यासारखेच दाताला जीभ लावून म्हणायचे, तरी आपण इंग्रजीच्या सवयीने टेंगो (माझ्याकडे आहे), डोंडे (कुठे) म्हणतो. तेंगो, दोंदे म्हणा, समोरचा लगेच समजतो. रांग दिसत नसली तरी ती असते बरं का, बाजारात शिरल्यावर "कियेन एस एल उल्तिमो?" म्हणजे शेवटचं कोण असं विचारायचं आणि त्याच्यानंतर आपला नंबर.

शाकाहारींसाठी शेवटचं. 'सँडविच वेहेताल' नाव वाचून घेऊ नका, त्यात बऱ्याचदा टूना निघतो. "सिन कार्ने" म्हणजे बिनमांसाचं सांगितलं तरी हॅम घालून देतात, कारण काहींच्या हिशोबात हॅम म्हणजे मांस नाहीच. "नि कार्ने, नि पेस्कादो, नि हामोन" म्हणजे मांस नको, मासे नकोत, हॅमही नको, असं एकेक नाव घेऊन सांगा, आणि अंडं चालत नसेल तर "नि उएवो" पण जोडा.