रॉटवायलर पाळताय? मग मुसकं आधी शिकवा

माझा वाघ्या रॉटवायलर आहे. वय ६ वर्षं, वजन ४८ किलो. आणला मुलानं. पुढे त्याला पुण्याला नोकरी लागली, तिथल्या सोसायटीनं हा कुत्रा चालणार नाही म्हणून सांगितलं, आणि इंदूरच्या या जुन्या घरात मी आणि वाघ्या दोघंच उरलो. तेव्हा मी ५७ वर्षांची होते आणि कुत्र्याचा पट्टा कधी हातात धरलेला नव्हता. जे शिकले ते असं.

पहिली गोष्ट अगदी साधी. गल्लीत मी त्याला वाघ्या म्हणत नाही, बाळ्या म्हणते. ‘वाघ्या, थांब!’ असं ओरडलं की समोरून येणारा माणूस दचकतो, आणि दचकलेल्या माणसाकडे कुत्रा जास्तच निरखून बघतो. दोन्ही हाका त्याला कळतात.

आता मुसकं. बैलाच्या तोंडाला मुसकं बांधतात ते त्यानं पीक खाऊ नये म्हणून, त्याला कोणी शिक्षा समजत नाही. कुत्र्याचंही तसंच समजा. बाजारात तोंड आवळून धरणारी कापडी पट्टी मिळते, ती फिरताना वापरू नका. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः जीभ बाहेर काढून, धापा टाकून अंग थंड करतो. मे महिन्यातल्या इंदूरच्या उन्हात तोंड बंद राहिलं तर जिवावर बेतू शकतं. जाळीचं, टोपलीसारखं मुसकं घ्या. आत तोंड पूर्ण उघडता आलं पाहिजे, पाणी पिता आलं पाहिजे, नाकाच्या टोकापुढे बोटभर जागा राहिली पाहिजे. माप घेताना नाकाची लांबी आणि डोळ्यांच्या जरा खालचा घेर, दोन्ही मोजा. मी नुसती लांबी मोजली आणि पहिलं मुसकं वाया गेलं.

घरी आणल्या आणल्या तोंडावर चढवू नका. पहिले तीन-चार दिवस ते वाटीसारखं हातात धरा आणि तळाशी पनीरचा तुकडा किंवा चमचाभर दही ठेवा. नाक त्यानं स्वतः आत घालायचं, तुम्ही ढकलायचं नाही. हा नियम मोडलात की आठवडा मागे गेलात. तो आनंदानं नाक घालायला लागला की मनात आकडे मोजा. आज तीनपर्यंत, उद्या पाचपर्यंत, मग दहापर्यंत, आणि तेवढा वेळ जाळीतून खाऊ देत राहा. पुढे मुसक्याचा बंद मानेमागे नुसता टेकवा, काढा. मग लावा आणि लगेच सोडा. मग लावून अंगणात चार पावलं. आम्हाला तीन आठवडे लागले. पंजानं ओढून काढायला लागला तर आपली घाई झाली असं समजा आणि आदल्या पायरीवर जा. शेंगदाण्याचं लोणी वापरणार असाल तर डब्यावरचं बारीक अक्षर वाचा. झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असेल तर ते कुत्र्याला विष आहे. रागावून मुसकं कधीच घालू नका, आणि ते घालून त्याला घरात एकटा सोडू नका.

लोक म्हणतात, मुसकं घातलं म्हणजे कुत्रा चावरा असणार. म्हणू देत. वाघ्या आजवर कुणाला चावलेला नाही, पण समोरून आजोबा नातवाला घेऊन येतात तेव्हा ते त्यांना कुठून ठाऊक असणार? त्यांनी काय म्हणून माझ्या शब्दावर विसंबावं?

या जातीला लोक राक्षस समजतात. जर्मनीतल्या रॉटवाइल गावच्या खाटकांचे हे कुत्रे. गुरं हाकायचे, मांसाच्या गाड्या ओढायचे. ताकद आणि राखण अंगात आहेच, ती नाकारून चालणार नाही. १२ मार्च २०२४ ला केंद्रानं राज्यांना पत्र पाठवून २३ जातींवर बंदी घालायला सांगितलं, त्यात रॉटवायलरही होता. एप्रिलमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते पत्र रद्द केलं. त्या महिन्याभरात मला झोप नव्हती. पण त्याच दिवसांत मी फाटकही बदलून घेतलं, कारण चूक माझीच झालेली होती.

आदल्या वर्षी कुरिअरवाल्या मुलानं कडी काढली आणि वाघ्यानं उडी मारून त्याच्या खांद्यांवर पंजे ठेवले. मुलगा पडला, कोपर सोललं. दात लागले नव्हते, तरी मी हादरले. आता दोन फाटकं आहेत, बाहेरचं कुलूपबंद. पाटीवर लिहिलंय, ‘घंटी वाजवा, मी येते’. पाळीव जनावराची काळजी न घेतल्यानं माणसाला धोका झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, किंवा दोन्ही. फाटकाशी साखळीनं बांधून ठेवणं हा उपाय नव्हे. बांधलेला कुत्रा पळून जाऊ शकत नाही, म्हणून अंगावर जातो.

गुरगुरण्यावर कधी मारू नका. गुरगुरणं ही सूचना आहे. ती मारून बंद केलीत तर पुढच्या वेळी सूचनेशिवाय दात लागतील. रॉटवायलर मात्र लाडातही घशातून घुर्रर्र आवाज काढतात, म्हणून अंगाकडे बघा. अंग सैल आणि तोंड उघडं असेल तर ते लाड. अंग ताठ, तोंड मिटलेलं आणि डोळ्याचा पांढरा भाग दिसत असेल तर शांतपणे लांब न्या.

पिल्लू आणणार असाल तर आठ आठवड्यांच्या आत आणू नका, आणि आधी त्याची आई बघून या. तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जग शिकतं. त्या काळात काठीवाला म्हातारा, हेल्मेटवाला, निगमची कचरागाडी, सगळं त्याला कडेवरून, लांबून दाखवा. मोठ्या कुत्र्याला मात्र रंगपंचमीच्या गेरच्या (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीच्या) किंवा अनंत चतुर्दशीच्या झांकीच्या (देखाव्यांच्या मिरवणुकीच्या) गर्दीत नेण्याचा हट्ट धरू नका. वाघ्या त्या दिवशी मागच्या खोलीत असतो, पंखा चालू आणि दार लावलेलं.

समोरच्या काकूंना तो अजूनही आवडत नाही. सकाळी साडेपाचला आम्ही निघतो तेव्हा त्या ओट्यावर रांगोळी काढत असतात. मी कोपऱ्यावर थांबते, पट्टा आखडता घेते आणि वाघ्याला खाली बसवते. काकू रांगोळी पुरी करतात, डबी उचलतात, दारात जाऊन उभ्या राहतात आणि म्हणतात, “हं, न्या आता.” मग आम्ही जातो.